कुंपणावरचा दगडी पोरगा

आमच्या खोऱ्यात केंद्र सरकारला शिव्या देण्याची स्पर्धा ठेवली असती, तर बेनिता आरेगीबाईंना भागच घेऊ दिला नसता. बाकीच्यांचा हिरमोड झाला असता.

मी अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या या नैऋत्य टोकाला एकवीस वर्षं टपाल वाटतोय. आठवड्यातून तीन दिवस, एकशे दहा मैलांची फेरी, अठरा पेट्या. शेवटची पेटी बेनिताबाईंची. वय सत्त्याहत्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, सहाशे मेंढ्या, दोन कुत्री आणि मतं न मोजता येण्याइतकी. टपाल खातं पडलं केंद्राचं, त्यामुळे त्यांच्या हिशेबी मीही शत्रुपक्षातलाच. माझं नाव रे. पण त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही.

"ये रे टपाल," त्या फाटकातूनच ओरडायच्या. "काय म्हणतंय तुझं वॉशिंग्टन?"

"माझ्याशी बोलत नाही हो बाई ते."

"बोलेल कसं? ऐकायला शिकलंय कुठे!"

असं म्हणून त्या लसणाचं सॉसेज पावात घालून माझ्या हातात ठेवायच्या. शत्रूला उपाशी पाठवायचं नाही, हा आरेगी घराण्याचा नियम. बास्क माणसं आहेत ती. स्पेनच्या डोंगरातून शंभर वर्षांपूर्वी मेंढ्या राखायला इकडे आली आणि इकडचीच झाली.

फाटकावर बाईंनी स्वतः रंगवलेली पाटी होती: 'ही जमीन राज्याची आहे. केंद्राच्या माणसांनी बाहेरूनच बघावं.'

आमच्याकडे जिकडे नजर टाकाल तिकडे सेजची राखाडी झुडपं आणि त्याखालची जमीन केंद्राची. मधूनच मैलभर लांबरुंद असा एखादा चौकोन राज्याचा. आयडाहो राज्य झालं तेव्हा शाळांचा खर्च भागावा म्हणून असे चौकोन राज्याला मिळाले. मेंढपाळ दोन्हीकडची चराई भाड्यानं घेतात. फरक एवढाच, की राज्याचा माणूस पाच वर्षांतून एकदा तोंड दाखवतो आणि केंद्राचा दर महिन्याला येऊन काठीनं गवत मोजतो. गवत खुणेच्या खाली गेलं, की मेंढ्या हलवा. बेनिताबाईंचा झरा राज्याच्या अशाच एका चौकोनाच्या कडेला होता, कुंपणाला लागून पण आतल्या बाजूला. आठ मैलांत दुसरं पाणी नाही. झरा होता म्हणून मेंढ्या होत्या, आणि मेंढ्यांशिवाय बेनिताबाई काय करतील, हे मला तरी सुचत नाही.

गवत मोजायला येणारा केंद्राचा माणूस म्हणजे वेंडेल स्प्राउल. लांबुडका, हळू बोलणारा, खात्याची हिरवी टोपी कपाळावर ओढलेली. सव्वीस वर्षं तो दर महिन्याला त्या कुंपणापर्यंत यायचा आणि सव्वीस वर्षं बाई त्याला तिथेच अडवायच्या.

"तारेच्या पलीकडे तुझं सरकार. अलीकडे पाऊल टाकलंस तर कुत्री सोडीन."

"बाई, तुमची कुत्री माझ्या बुटावर झोपली आहेत."

"फितूर मेली! कॉफी घेणार का?"

मग तारेवरून कॉफी जायची, पाव जायचा, आणि तासभर भांडण चालायचं. वॉशिंग्टनमधल्या माणसाला आमच्या गवताचं काय कळतं, असं बाई म्हणायच्या. गवताला वॉशिंग्टन आणि राज्याची राजधानी बोइसी यांतलं काहीच कळत नाही, त्याला फक्त मेंढीचे दात कळतात, असं वेंडेल म्हणायचा. खरं सांगायचं तर दोघंही त्या दिवसाची वाट बघायचे. बुधवारी वेंडेल येऊन गेला की शुक्रवारी बाईंचा चेहरा टवटवीत असायचा.

कुंपण जिथे टेकाडावर वळतं तिथे दगडांची एक रास होती. माणसाएवढी उंच, वर एक गोल दगड, आणि त्या गोल दगडावर नेहमी एखादी जुनी टोपी. सगळे त्याला दगडी पोरगा म्हणायचे. सरकारी मोजणीचा कोपरा तो हाच, असं सगळ्यांना ठाऊक होतं. कुंपण त्याच्यावरूनच घातलेलं होतं. मोजणीवाले कोपऱ्यावर दगड रचून ठेवतात, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आरेगींनी त्याला टोपी घातली, ही त्यांची गंमत.

मार्चमध्ये मीच ते पत्र आणलं. राज्याच्या जमीन खात्याचं होतं. बाईंनी फाटकातच फोडलं, मोठ्यानं वाचलं आणि हसल्या. "चुकून आलंय. म्हणे हा चौकोन जूनमध्ये लिलावात काढणार."

"चुकून नसेल, बाई."

"अरे, राज्य आपलं आहे. आपलं माणूस आपल्यालाच विकतं का?"

पत्र चुकून आलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात गावच्या सभागृहात बैठक झाली. बोइसीहून कारा लिंडक्विस्ट नावाची तिशीतली बाई आली होती. भांडखोर असती तर बरं झालं असतं, पण ती होती गोड आणि अभ्यासू. बेनिताबाईंना तिच्यावर धड रागावताही येईना.

"आरेगीबाई, ही जमीन राज्याकडे मौजेसाठी नाही," ती म्हणाली. "शाळांसाठी कमवायला दिलेली आहे. चराईतून फारसं येत नाही. जास्त देणारा कोणी असेल तर नाही म्हणायचा मला अधिकारच नाही."

"पण राज्य म्हणजे आम्हीच ना?"

"हो. आणि शाळेतली मुलंही तुमचीच."

देणारा कोणी होता, आणि तो पहिल्या रांगेत बसला होता. कॅलिफोर्नियाचा माणूस, कोरे करकरीत बूट. त्याला पाहुण्यांसाठी शिकारीचं घर बांधायचं होतं. त्यानं फक्त दोन प्रश्न विचारले. झरा बारमाही आहे का, आणि फाटकाला कुलूप लावलेलं चालतं का.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "केंद्राची असती तर अशी विकली नसती."

सगळ्यांनी मान वळवून वेंडेलकडे पाहिलं. त्याला चांगली संधी होती. सव्वीस वर्षांचे टोमणे एका वाक्यात फेडता आले असते. तो टोपीची कड बोटांत फिरवत खाली बघत राहिला. त्या दिवशी तो माणूस मला फार आवडला. बेनिताबाई मात्र तडक निघून गेल्या, आणि सॉसेजचा डबा सभागृहातच विसरल्या.

पुढच्या फेरीला त्या पेटीपाशी उभ्याच होत्या. "टपाल, गाडी बंद कर. वर चल माझ्याबरोबर."

"बाई, मला अजून परत..."

"शेवटची पेटी माझी आहे. कोण वाट बघतंय तुझी? चल!"

टेकाडावर पोचेपर्यंत मला धाप लागली, त्यांना नाही. दगडी पोरग्यापुढे उभ्या राहून त्यांनी त्याची टोपी नीट केली. हिवाळ्यात वरचा दगड घसरतो, तो दर जूनला परत चढवून नवी टोपी घालायची, हा त्यांच्या घरचा रिवाज होता. या वर्षी जूनपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता.

"हा सरकारी कोपरा नाही," त्या म्हणाल्या. "हा माझ्या आइतितेनं रचलाय. माझ्या आजोबानं."

मी राशीकडे नव्यानं बघितलं.

"सतरा वर्षांचा होता. पहिला उन्हाळा. हजार मेंढ्या, एक कुत्रं आणि चार महिने बोलायला माणूस नाही. आमच्यातले सगळे मेंढके असे दगडाचे पोरगे रचतात. त्यांच्याशी बोलतात, टोप्या घालतात. पुढे कितीतरी वर्षांनी कुंपणवाले आले, हातात नकाशा घेऊन. कोपऱ्याचे दगड शोधत होते. हा दिसला, खूश झाले, तार ठोकली आणि गेले. आइतितेला विचारलंसुद्धा नाही. त्याला सांगण्याइतकं इंग्रजी येत नव्हतं. पुढे इंग्रजी आलं, तोवर झरा कुंपणाच्या आत होता."

"मग खरा कोपरा?"

"झऱ्याच्या पलीकडे कुठेतरी. पश्चिमेला. म्हणजे झरा राज्याचा नाहीच. तो त्या वेंडेलचा आहे." शेवटचं वाक्य त्यांनी किडका दात उपटून काढावा तसं तोंडातून काढलं. "मी आठ वर्षांची होते तेव्हा आइतितेनं मला सांगितलं आणि कुणाला सांगणार नाही अशी शपथ घातली. माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही मी."

आता मला पेच कळला. गप्प राहिल्या तर झरा जाणार, मेंढ्या जाणार. बोलल्या तर आयुष्यभर ज्याला कुंपणाबाहेर ठेवलं त्याच्या हातात झऱ्याची किल्ली द्यायची, सगळ्या गावासमोर खोटं पडायचं, आजोबाची शपथ मोडायची. आणि नुसतं बोलून भागणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. रास उकलून दाखवावी लागणार होती.

"मला वाटायचं, राज्य जवळचं म्हणून सांभाळील," बाई म्हणाल्या. "जवळचं आहे म्हणूनच त्याला विकता येतं. हे माझ्या डोक्यात सत्त्याहत्तराव्या वर्षी आलं. गाढवच मी." त्यांचे डोळे भरले होते, पण मी तिकडे बघतोय असं दिसताच त्यांनी मला पाव आणला नाही म्हणून स्वतःलाच आणखी एक शिवी दिली.

बुधवारी वेंडेल यायचा होता. मी त्या दिवशी मुद्दाम लवकर पोचलो. असलं दृश्य चुकवणाऱ्यांतला मी नाही. वेंडेल तारेपलीकडे काठी टेकून उभा राहिला. बाईंनी कॉफी दिली आणि एका दमात सगळं सांगितलं.

वेंडेलनं कपातून वर बघितलं. "पुन्हा सांगा."

"एकदाच सांगणार."

"म्हणजे मी गेली सव्वीस वर्षं..."

"हो."

"इथे उन्हात..."

"हो म्हटलं ना! आता काय लिहून देऊ?"

"हो," वेंडेल शांतपणे म्हणाला. "लिहूनच द्यावं लागेल. पण लिहून पुरत नाही, बाई. मोजणीदार आणावा लागेल. खऱ्या कोपऱ्याचा दगड सापडला तरच. त्यावर छिन्नीच्या खाचा असतात. आणि झरा आमच्याकडे आला, की माझे नियमही येतील. झऱ्याभोवती कुंपण, गवताची काठी, मेंढ्या सांगेन तेव्हा हलवायच्या."

"ठाऊक आहे."

"मेंढ्या कमीही करायला सांगीन एखादे वर्षी."

"भांडीन मी."

"ते मी धरूनच चाललोय," वेंडेल म्हणाला आणि कप तारेवरून परत दिला.

मेच्या शेवटी सगळे टेकाडावर जमले. मोजणीदार यंत्र घेऊन, बोइसीहून कारा, वेंडेल, मी आणि गावातली कामधंदा नसलेली दहाबारा माणसं. मोजणीदार रास उपसायला पुढे झाला, तर बाईंनी त्याला बाजूला केलं.

"माझ्या घरचं पोर आहे ते. मी उतरवीन."

एकेक दगड त्यांनी स्वतः काढला. वेंडेलनं मदतीला हात पुढे केला तेव्हा त्यांनी फक्त टोपी त्याच्याकडे धरायला दिली. रास गुडघ्याएवढी झाली, मग घोट्याएवढी. खाचांचा दगड निघाला नाही. तळाशी सार्डिन माशाचा गंजलेला डबा निघाला, रिकामा, आणि त्याच्या खाली एक चपटा दगड. त्यावर खिळ्यानं कोरलेली अक्षरं होती.

मोजणीदारानं माती पुसली. "दोमिंगो आरेगी. एकोणीसशे बारा. पुढचं मला वाचता येत नाही."

मूळ मोजणी त्याच्याही वीसेक वर्षं आधीची. म्हणजे हा सरकारी कोपरा नाही, हे तिथल्या तिथे ठरलं. कारानं टिपून घेतलं. पण सगळ्यांचं लक्ष त्या पुढच्या ओळीकडे होतं. बाई वाकून वाचत होत्या.

"बास्कमध्ये आहे," त्या म्हणाल्या. "काही नाही, उगीच लिहिलंय पोरानं."

"काय लिहिलंय?" कारानं विचारलं.

बाईंनी दगडावरून तळहात फिरवला. "इथे कोणी नाही."

टेकाडावर दहाबारा माणसं उभी होती. मला वाईट वाटलं, त्या सतरा वर्षांच्या पोराचं. तेवढ्यात एका कुत्र्यानं वेंडेलच्या बुटावर झोप ठोकली, आणि बाई त्याच्यावर खेकसल्या, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं.

खरा कोपरा शोधायला दुपार झाली. मोजणीदार शेजारच्या चौकोनांच्या खुणांवरून मापं काढत झऱ्याच्या पश्चिमेला गेला, तीस-चाळीस पावलांचा टापू ठरवला आणि झुडपं खणायला लागला. घामाघूम झाला. वेंडेल जरा बाजूला एका सेजच्या जाळीशी बसून कॉफी पीत होता.

"इथे बघितलंत का?" तो सहज म्हणाला.

तिथे होता. अर्धा मातीत, शेवाळलेला, कडेला छिन्नीच्या स्वच्छ खाचा. मोजणीदार आनंदानं ओरडला. मी वेंडेलकडे बघितलं. त्यानं माझी नजर चुकवली. मला आजही संशय आहे, की त्या माणसाला तो दगड पंधरावीस वर्षांपासून माहीत होता. मी त्याला एकदा विचारलंही. "योगायोग," तो म्हणाला आणि मला आणखी पाव हवाय का ते विचारलं. पाव बाईंचा होता.

झरा केंद्राच्या हद्दीत गेला. पाण्यावाचून उरलेल्या चौकोनाची कॅलिफोर्नियाच्या पाहुण्यानं चौकशीसुद्धा केली नाही. करकरीत बूट दुसऱ्या कुठल्या खोऱ्यात गेले. लिलावाला बोली आली नाही, तेव्हा कारानं तो चौकोन पुन्हा चराईला दिला, बेनिताबाईंनाच. पत्र मीच आणलं. बाई म्हणाल्या, पोरगी चांगली आहे, फक्त नोकरी चुकली तिची. वेंडेलनं झऱ्याभोवती कुंपण घातलं, हौदात पाणी काढलं आणि जुलैत मेंढ्या आठ दिवस आधी हलवायला लावल्या. त्यावरून जे भांडण झालं, ते मी पेटीपासून अर्ध्या मैलावर गाडीत बसून ऐकलं. पाटी बाईंनी उतरवली आणि कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावली.

सप्टेंबरात वेंडेल निवृत्त होणार होता. शेवटच्या फेरीला मीही गेलो. तो नेहमीच्या जागी जुन्या तारेपाशी येऊन उभा राहिला. आता तारेच्या दोन्ही बाजूंना त्याचंच खातं होतं, तरी पाऊल उचलेना.

"आत ये ना रे," बाई म्हणाल्या. "निमंत्रणपत्रिका पाठवू का टपालाबरोबर?"

तो तार उचलून वाकून आत आला आणि काय करावं ते न सुचल्यासारखा उभा राहिला. बाईंनी त्याला टेकाडावर नेलं. दगड तिथेच पसरलेले होते.

"मला हा परत रचायचाय," त्या म्हणाल्या.

वेंडेलनं डोकं खाजवलं. "केंद्राची जमीन आहे बाई. बांधकामाला परवाना लागतो."

मला वाटलं, आता कुत्री सुटणार. बाईंनी कमरेवर हात ठेवले, त्याच्याकडे एकवार बघितलं आणि म्हणाल्या, "मग दे की. अजून संध्याकाळपर्यंत साहेब आहेस ना?"

त्यानं पिशवीतून अर्जांचं पुस्तक काढलं आणि गुडघ्यावर ठेवलं. "बांधकामाचा प्रकार?"

"दगडी पोरगा. एक."

"उंची?"

"माझ्याएवढी."

"म्हणजे बुटका." पेन थांबलं नाही. "मुदत?"

"शंभर वर्षं."

"मला दहापर्यंतच अधिकार आहे."

"दहा लिही. मुदत संपली की नव्या साहेबाशी भांडायला मी आहेच."

"उद्देश?"

चपटा दगड बाईंच्या हातात होता, कोरलेली बाजू वर. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं, मग वेंडेलकडे बघितलं, मग माझ्याकडेही.

"सोबत," त्या म्हणाल्या. "लिही, सोबत."

वेंडेलनं तसंच लिहिलं, सही केली, तारीख टाकली. एक प्रत खात्याला, एक अर्जदाराला. बाईंनी आपली प्रत घडी करून सार्डिनच्या डब्यात घातली, डबा चपट्या दगडावर ठेवला आणि आम्ही तिघं रचायला लागलो. मी चुकीचे दगड आणतो म्हणून दोघांनीही मला झापलं. त्या एका बाबतीत राज्य आणि केंद्र यांचं एकमत झालं.

वरचा गोल दगड वेंडेलनं चढवला. बाईंनी नवी टोपी आणलीच नव्हती. विसरल्या, म्हणाल्या. त्यांचा चेहरा मला एकवीस वर्षांत वाचता आलेला नाही, तेव्हा खरंखोटं त्यांनाच माहीत. वेंडेलनं आपली हिरवी टोपी काढली, आतली घामाची कड पुसली आणि दगडी पोरग्याच्या डोक्यावर ठेवली.

"खात्याची आहे ना रे ती? परत मागतील," बाई म्हणाल्या.

"मागू देत," वेंडेल म्हणाला. "बुधवारी येईन तेव्हा बघू."